पाऊलखुणांचे खेळ

ओली माती, गाळ किंवा धूळ यांत उमटलेल्या ठशांवरून प्राणी, त्याची चाल व दिशा ओळखण्यास मुलांना खेळातून शिकविण्याची पद्धती. पाऊलखुणांच्या सलग मालिकेस ‘माग’ म्हणतात. माग काढण्याची विद्या महाराष्ट्रात जुनी आहे. चोराचा माग गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविणे हे पूर्वी रामोशी वा जागल्या यांचे काम असे व माग ज्या गावात शिरे, त्या गावावर चोरीची जबाबदारी जाई. खेळ म्हणून तिचा प्रसार प्रामुख्याने बालवीर चळवळीने केला. बेडन-पॉवेल यांच्या १९०८ मधील ग्रंथात असे खेळ दिलेले आहेत.

रायगड जिल्ह्यातील कळंबोली ही सिडकोने वसविलेली नवी मुंबईची वसाहत लोह-पोलाद बाजारासाठी प्रसिद्ध आहे. डांबर व काँक्रीट यांमुळे तेथे ठसा उमटण्याजोगी जमीन थोडीच उरली आहे. तरी धारण तलावांचे काठ, पनवेल खाडीचा गाळ आणि पनवेलपासून सु. १२ किमी.वरील कर्नाळा पक्षी अभयारण्यातील (स्था. १९६८) पायवाटा या खेळास उपयोगी पडतात.

आरंभ घरच्या अंगणातच करणे इष्ट. घमेल्यात किंवा जमिनीवर ओली बारीक वाळू सपाट पसरून मध्ये सुका बोंबील ठेवतात आणि सकाळी रात्रीचा पाहुणा कोण, हे मुलांनी सांगावयाचे असते. मांजराचा ठसा वाटोळा असतो. चालताना नखे आत ओढलेली असल्याने ती उमटत नाहीत. कुत्र्याचा ठसा लांबट असून नखे बहुधा स्पष्ट दिसतात. मुंगसास पाच बोटे असतात. सशाचे लांब मागील पाय पुढील पायांच्या ठशांपुढे पडतात. चिमणी उड्या मारते, त्यामुळे तिचे ठसे जोडीजोडीने उमटतात. साळुंकी मात्र चालत जाते. दुसऱ्या खेळात एक मुलगा चालतो, धावतो व मध्येच उलटा चालतो. इतरांनी केवळ ठशांवरून त्याची हकीकत सांगावयाची असते. धावताना पावलांतील अंतर वाढते व चवड्याचा भाग खोल रुततो, हे मुले येथे स्वतःच शोधून काढतात. ते आधी सांगून टाकणारा शिक्षक खेळाची गोडी घालवितो.

खाडीच्या गाळावर काळाचेही अनुमान करता येते. दोन भरत्यांमध्ये सु. साडेबारा तासांचे अंतर असल्याने भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या भागातील ठसे त्यानंतरचेच असतात. या परिसरातील खारफुटीत कोल्हे आढळतात. परंतु कोल्ह्याचा ठसा कुत्र्याच्या ठशापासून वेगळा काढणे अनुभवी माणसासही कठीण जाते. तो सामान्यतः अरुंद असतो आणि माग अधिक सरळ जातो. तथापि एकाच ठशावरून निर्णय देऊ नये. मोठ्या कुत्र्याच्या ठशांवरून बिबट्याची अफवा उठते, ती याच घाईमुळे. वाघांच्या गणनेतही केवळ ठशांवर विसंबण्याची पद्धत अपुरी ठरून २००६ पासून स्वयंचलित कॅमेऱ्यांचा अवलंब झाला.

ठसा जतन करण्यासाठी त्याभोवती पत्र्याचे कडे बसवून, दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस व एक भाग पाणी यांचे मिश्रण ओततात. अर्ध्या तासाने साचा उचलता येतो. गाळात मुलांनी एकटे उतरू नये. सोबत प्रौढ व्यक्ती असावी आणि भरतीची वेळ पाहूनच निघावे.