कबुतराच्या पायाला बांधलेली चिठ्ठी

प्रत्येक पिढीला आपल्या काळातील नव्या यंत्राचे अप्रूप वाटते. सकाळी वर्तमानपत्र उघडावे, एखाद्या नव्या शोधाची वार्ता ठळक अक्षरांत छापलेली दिसावी, घरातील विद्यार्थ्याने ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि आजोबांनी चष्मा सावरीत "काय दिवस आले!" म्हणावे, हे दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याच घरात संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी, म्हणजे प्रोग्रामरचे काम करणारी, एखादी मुलगी असेल, तर तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याऐवजी बारीकसे हसू उमटते. "पाहू या, आजोबा, पहिल्या पावसात किती टिकते ते," एवढेच ती म्हणते.

ऐकणाऱ्याला हा तुसडेपणा वाटतो. ज्यांचा चरितार्थ यंत्रांवर चालतो, त्यांनीच यंत्रांची थट्टा करावी हे कसे? मौज अशी की, ह्या मंडळींच्या थट्टेची परंपरा चांगली जुनी आहे आणि तिची काही उत्तम उदाहरणे त्यांच्या रीतसर दप्तरातच नोंदलेली आहेत. ती पाहिली म्हणजे ह्या हसण्यामागील मर्म ध्यानात येते.

अभिप्रायार्थ विनंती

१९६९ साली अमेरिकेतील काही विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे संगणक एकमेकांस जोडण्याचे काम सुरू झाले. स्टीव्ह क्रॉकर नावाच्या तरुण विद्यार्थ्याने त्या कामाची टिपणे लिहिण्यास आरंभ केला. आपण कोणावर नियम लादीत आहोत असे वाटू नये, म्हणून त्याने ह्या टिपणांना ‘अभिप्रायार्थ विनंती’ अशा अर्थाचे नम्र नाव दिले. आज इंटरनेटचे बहुतेक मूलभूत नियम ह्याच मालिकेत ग्रथित झालेले आहेत. मात्र ह्या गंभीर मालिकेत १ एप्रिल ह्या दिवशी अधूनमधून एखादे असे टिपण प्रसिद्ध होते की, ज्याची भाषा कायद्याच्या मसुद्यासारखी आणि आशय मात्र शुद्ध विनोदाचा असतो.

अशा टिपणांपैकी सर्वांत गाजलेले टिपण १ एप्रिल १९९० रोजी डेव्हिड वेट्झमन ह्यांनी लिहिले. इंटरनेटवरील संदेश कबुतरांमार्फत कसे पाठवावेत, ह्याचा तो रीतसर नियम होता! संदेश कागदाच्या लहान गुंडाळीवर छापावा, ती पक्ष्याच्या पायाला चिकटपट्टीने बांधावी आणि पक्षी सोडून द्यावा. ह्या सेवेत विलंब फार होतो आणि वादळात संदेश हरवू शकतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले होते. पक्षी एकमेकांवर आदळत नाहीत, हा मात्र त्यांनी सांगितलेला मोठाच गुण होय.

नॉर्वे देशातील बर्गन शहराच्या काही संगणकप्रेमींनी २००१ साली हा नियम प्रत्यक्ष अंमलात आणून पाहिला. त्यांनी नऊ संदेश पाठविले आणि चारांची उत्तरे परत आली. एका संदेशास जाऊन येण्यास कमीत कमी सुमारे ५३ मिनिटे आणि जास्तीत जास्त सुमारे पावणेदोन तास लागले. विनोदाची परीक्षाही त्यांनी विज्ञानाच्या शिस्तीने घेतली आणि अपयशाचे आकडे न लपविता जाहीर केले, ही गोष्ट विशेष होय.

थट्टेतील सत्य

पुढे ह्या थट्टेने एक अनपेक्षित वळण घेतले. दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग हे नाव आपणांस गांधीजींमुळे ठाऊक आहे. १८९३ साली तेथील स्थानकावर त्यांना रात्री गाडीतून उतरविण्यात आले होते. त्या शहराजवळील एका कार्यालयातील मंडळी इंटरनेटच्या मंद गतीला कंटाळली होती. सप्टेंबर २००९ मध्ये त्यांनी विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला माहितीची एक चिमुकली पेटिका बांधली आणि त्याला डर्बनकडे सोडले. त्याच वेळी तीच माहिती तारेनेही पाठविण्यास सुरुवात केली. कबुतर पोहोचून माहिती संगणकात उतरवून घेईपर्यंत दोन तास सात मिनिटे झाली. तेवढ्या अवधीत तारेवरून माहितीचा अवघा चार टक्के भाग पोहोचला होता.

आपल्या देशालाही कबुतरांची ही सेवा अपरिचित नाही. ओडिशाच्या पोलिस दलाने १९४६ साली लष्कराकडून मिळालेल्या पक्ष्यांच्या साहाय्याने कपोतसेवा सुरू केली होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्या राज्याच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. संदेशवहनाची नवी साधने कोलमडून पडली, तेव्हा हे पक्षीच निरोप घेऊन उडाले. पुढे त्यांचे नित्याचे काम संपले आणि एक वारसा म्हणून त्यांचा सांभाळ होऊ लागला. नवे साधन बंद पडले तर निरोप कसा पोहोचणार, हा विनोदी टिपणाच्या पोटात दडलेला प्रश्न त्या किनाऱ्यावर जीवन-मरणाचा प्रश्न होऊन उभा राहिला होता.

किटली आणि चोर

१ एप्रिल १९९८ रोजी लॅरी मॅसिंटर ह्यांनी असेच एक टिपण लिहिले. त्या काळी जी ती वस्तू इंटरनेटला जोडण्याचे वेड वाढत होते. ते पाहून त्यांनी कॉफीच्या भांड्यास दुरून आज्ञा देण्याचे नियमच तयार केले! आज्ञा चुकून चहाच्या किटलीला मिळाली, तर किटलीने ४१८ ह्या क्रमांकाचे उत्तर द्यावे आणि आपण किटली आहोत असे कळवावे, अशी त्यांत तरतूद होती. आज दिवे, पंखे आणि शीतकपाटेही इंटरनेटला जोडली जात आहेत. कालचा विनोद आज दुकानात विकत मिळतो!

२००३ साली स्टीव्हन बेलोव्हिन ह्या सुरक्षातज्ज्ञांनी त्याहून बोचरी सूचना केली. दुष्ट हेतूने पाठविलेल्या प्रत्येक संदेशावर पाठविणाऱ्याने स्वतःच तशी खूण करावी, म्हणजे पहारा देणाऱ्या यंत्रास तो सहज अडविता येईल! चोराने घरात शिरताना गळ्यात ‘मी चोर’ अशी पाटी अडकवावी, अशातलाच हा प्रकार. एखादे यंत्र सर्व लबाड्या आपोआप ओळखील अशी जाहिरात वाचताना हे टिपण आठवावे. बनावट दूरध्वनी करून लोकांची पुंजी लुबाडणारे भामटे कोणतीही पाटी लावीत नाहीत. तेथे आपली सावधगिरीच उपयोगी पडते.

मापात न मावलेला आकडा

ही माणसे अशी का बोलतात? कारण लहानशी चूक केवढा अनर्थ घडविते, हे त्यांनी जवळून पाहिलेले असते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून युरोपचे ‘एरियान ५’ हे नवे अग्निबाण-वाहन प्रथमच आकाशात झेपावले आणि सुमारे चाळीस सेकंदांत त्याचे तुकडे झाले. इंजिनात दोष नव्हता. जुन्या ‘एरियान ४’साठी लिहिलेली आज्ञावली नव्या वाहनात तशीच वापरली होती. नव्या वाहनाचा वेग अधिक, त्यामुळे एक आकडा त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावला नाही. शेराच्या मापात पायलीभर धान्य ओतावे, तशी गत झाली. विशेष म्हणजे, चुकलेल्या त्या गणिताची उड्डाणानंतर आवश्यकताही नव्हती.

अशी चूक थेट आपल्या दारापर्यंतही येऊ शकते. १९ जुलै २०२४ रोजी संगणकांच्या रक्षणासाठीच असलेल्या एका आज्ञावलीत सदोष सुधारणा पाठविली गेली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कागद आणि लेखणी हाताशी होती, म्हणून अनेकांचा प्रवास झाला.

हसणाऱ्यांचीही चूक

तथापि थट्टा करणारा नेहमीच बरोबर असतो, असे समजण्याचे कारण नाही. १९५८ साली फ्रँक रोझेनब्लॅट ह्यांनी मेंदूच्या धर्तीवर शिकणाऱ्या एका यंत्राची कल्पना मांडली. हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, लिहील, एवढेच नव्हे तर त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही होईल, अशी वार्ता तेव्हा अमेरिकन वृत्तपत्रात आली. प्रत्यक्ष प्रयोगात ते पन्नास प्रयत्नांनंतर कार्डावरील डावी व उजवी खूण ओळखू लागले होते! जाणकार हसले, ते साहजिकच होते. परंतु त्याच वाटेने पुढे गेलेल्या संशोधनातून आजची कृत्रिम बुद्धिमत्ता साकारली, आणि २०२४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफिल्ड व जेफ्री हिंटन ह्यांना ह्याच क्षेत्रातील पायाभूत कार्याबद्दल मिळाले. वार्ता अतिशयोक्त होती, पण कल्पना खोटी नव्हती. तिला फळ येण्यास साठ-सत्तर वर्षे लागली, एवढेच.

म्हणून ह्या मिस्कील मंडळींकडून तिरस्कार शिकू नये, प्रश्न विचारणे शिकावे. नव्या यंत्राची वार्ता वाचून मुलांना आनंद झाला, तर तो होऊ द्यावा. विज्ञानाची गोडी अशाच आनंदातून लागते. मात्र त्यांच्यासोबत बसून दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हे आज खरोखर काय करते, आणि हे बंद पडले तर आपण काय करू? पहिल्या प्रश्नाने डावी-उजवी खूण आणि बोलणारे यंत्र ह्यांतील अंतर कळते. दुसऱ्या प्रश्नाने घरातील एका वहीत आप्तांचे, डॉक्टरांचे आणि शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक उतरविले जातात, महत्त्वाच्या कागदांची प्रत कपाटात राहते आणि थोडी रोकड जवळ ठेवली जाते.

ह्यात यंत्राचा अपमान नाही. आजोबांच्या "काय दिवस आले!" ह्या उद्गाराला त्या मुलीने हसून दिलेले उत्तर म्हणजे नव्या यंत्रावर माया करण्याचीच एक रीत आहे. पहिल्या पावसात ते टिकावे, म्हणून रात्र जागून काम करणारी तीच असते.