संदीप खरेंचा ‘बेस्ट’ अल्बम कोणता? डोंबिवली लोकलमधलं न संपलेलं भांडण

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, भांडण मात्र तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात जाता जाता मी एक वाक्य टाकलं होतं: ‘संदीप खरेंचा सगळ्यात भारी अल्बम म्हणजे “दिवस असे की”, विषय संपला.’ विषय संपला वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर व्हॉइस नोट्सचा ढीग. कल्याणचा एक जण म्हणतो, ‘दादा, “आयुष्यावर बोलू काही” सोडून दुसरं नाव घेतलंसच कसं?’ ठाण्याच्या एकीचा मुद्दा असा की धार ‘नामंजूर’मध्येच आहे, बाकीचं सगळं गोड गोड. आणि डोंबिवलीहून आलेला एक मेसेज या सगळ्यांपेक्षा वेगळा होता. त्याच्याकडे शेवटी येतो.

आता कोणी म्हणेल, यात भांडण्यासारखं काय आहे? पण हे भांडण जगभर चालतं. बॉब डिलनचे चाहते पन्नास वर्षं भांडतायत. ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ १९६५चा, ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ १९६६चा आणि ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ १९७५चा. मधल्या काळात त्याला २०१६ साली साहित्याचं नोबेलसुद्धा मिळालं, भांडण काही मिटलं नाही. कारण प्रत्येक गट वेगळ्याच डिलनवर प्रेम करतो. एकाला गिटार विजेला जोडणारा बंडखोर हवाय, दुसऱ्याला नातं तुटलेला, दमलेला माणूस.

आपल्याकडेही तसंच आहे. फक्त आपल्या भांडणात एक जास्तीची गाठ आहे, ती आधी सोडवू.

डिलनसारख्या माणसाला सिंगर-साँगरायटर म्हणतात. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचाच. मराठी भावगीतात हे खातं कधी फार भरलं नाही. आपल्याकडे कामाची वाटणी असायची. ‘शुक्रतारा’ म्हटलं की शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचा. ‘गीतरामायण’ गदिमांनी लिहिलं, बाबूजींनी चाली लावल्या. तिन्ही कामं एकट्याने करणारी माणसं आपल्याकडे होती, पण ती शाहिरांत. वामनदादा कर्डक लिहायचे आणि स्वतःच उभे राहून गायचे. नाट्यगृहाच्या तिकिटावर जाणाऱ्या मध्यमवर्गाने त्यांना ‘आपले’ म्हणून किती ऐकलं, हा प्रश्न कडू आहे आणि त्याला एक पूर्ण भाग लागेल. (कल्याणकरांनो, प्रल्हाद शिंदे तुमच्याच गावात राहिले. त्या घराण्याच्या कॅसेटींवरही एक भाग करायचाय, आठवण करत राहा.)

तर अशा ठिकाणी पुण्याचा एक कवी स्वतःच्या कविता स्वतःच्या चालीत गायला लागला. ‘दिवस असे की’ हा तो पहिला अल्बम. शब्द आणि संगीत संदीप खरेंचं, आणि गाण्यात त्यांच्यासोबत शैलेश रानडे. म्हणजे बघा, ज्या अल्बमला मी ‘शुद्ध’ सिंगर-साँगरायटर म्हणून मिरवत होतो, त्यातसुद्धा दुसरा गळा आहेच! ठाण्याच्या ताईंनी मला इथेच पकडलं, आणि बरोबर पकडलं.

मग आले डॉ. सलील कुलकर्णी. २००३ साली ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच नावाचा अल्बम घराघरांत गेला. इथे कवी एकटा राहिला नाही, जोडी झाली. सलील दादांच्या चाली गळ्यावर बसतात, कोणालाही गुणगुणता येतात. कल्याणच्या मित्राचं म्हणणं असं की अल्बम मोठा कशाने होतो? लोकांच्या तोंडी बसल्याने. आचार्य अत्रे रंगमंदिरात अख्खं सभागृह एकत्र गातंय, हे त्याने शाळेत असताना आईच्या शेजारी बसून पाहिलंय. त्याच्यासाठी तो अल्बम म्हणजे ती संध्याकाळच आहे. अशा माणसाशी वाद घालून काय मिळणार?

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या पिढीने ही गाणी आधी नाट्यगृहात ऐकली, मग घरी येऊन सीडी लावली. गडकरी रंगायतन, सावित्रीबाई फुले कलामंदिर, अत्रे रंगमंदिर, हा पट्टा अशा कार्यक्रमांवर वाढलाय. रंगमंचावर दोन गाण्यांच्या मध्ये गप्पा असतात, किस्से असतात, कवितावाचन असतं. अल्बममध्ये ते काही नाही. म्हणून जुने चाहते ‘अल्बम’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांच्या डोक्यात प्रयोग असतो. तुम्ही-आम्ही फोनवर फक्त गाणं ऐकतो आणि विचार करतो, हे लोक इतके हळवे का होतात?

‘नामंजूर’बद्दल मी माझं मत बदललंय. शीर्षकगीतातला माणूस सुरक्षित काठ धरून होडी हाकायला साफ नकार देतो. वाद्यं रॉकची नाहीत हो, पण वृत्ती? आपल्याकडच्या लोकप्रिय गाण्यांत रॉकच्या इतकी जवळची वृत्ती मला पटकन दुसरी आठवत नाही. ‘गोड गोड’ हा ठाण्याचा आरोप बाकीच्या अल्बमांवर अन्याय करणारा आहे, पण ‘नामंजूर’ची बाजू पक्की आहे.

आता थोडं तांत्रिक, कारण निम्मं भांडण आपल्या फोनने लावलंय.

कॅसेटला दोन बाजू असायच्या. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे बाजूला तीस मिनिटं. ए बाजूचं शेवटचं गाणं असं हवं की माणूस उठून कॅसेट उलटी करेल, आणि बी बाजूचं पहिलं असं की उठल्याचं सार्थक होईल. क्रम ठरवणं हे कामच होतं. सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटांची जागा आली आणि बाजू उलटायची भानगड गेली, तरी क्रम राहिला. फोनवर शफल आलं आणि क्रमही गेला. ‘बेस्ट ऑफ’ प्लेलिस्टमध्ये तीन अल्बमांची गाणी एकामागून एक येतात, आणि आपण ठासून सांगतो, ‘अरे हे त्याच अल्बममधलं!’ मीसुद्धा सांगितलंय, चुकीचं.

दुसरं म्हणजे श्रेय. स्क्रीनवर गाण्याखाली गायकाचं नाव दिसतं. गीतकार, संगीतकार बघायला आणखी दोनदा टिचकी मारावी लागते, आणि तिथे कधी माहिती असते, कधी नसते. सिंगर-साँगरायटरबद्दल भांडायचं आणि ‘साँगरायटर’ कोण तेच दिसत नाही! म्हणून म्हणतो, मत देण्याआधी एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, शफल बंद करून ऐका. वेळ नाही म्हणू नका. डोंबिवली ते दादर फास्टने पाऊण तास कुठे गेला नाही. बहुतेक अल्बम तेवढ्यात बसतात, आणि मुंब्र्याला गाडी रखडली तर बोनस.

माझं मत? ‘एकट्या माणसाचा’ अल्बम विचाराल तर अजूनही ‘दिवस असे की’. त्यात कवीला अजून टाळ्यांची सवय लागलेली नाही, आणि ते ऐकू येतं. ‘नामंजूर’ दुसरा. ‘आयुष्यावर बोलू काही’ला मी तिसरा ठेवतोय, कल्याणकरांनी शिव्या जपून ठेवाव्यात.

राहिला डोंबिवलीचा मेसेज. मुलगी एकवीस वर्षांची. तिच्या मते सगळ्यात मोठा अल्बम ‘दमलेल्या बाबाची कहाणी’, पण तिने तो पूर्ण ऐकलेला नाही. वडील तिच्या लहानपणी रात्री साडेनऊच्या पुढे घरी यायचे, नोकरी फोर्टमध्ये. शीर्षकगीतात बाबा झोपलेल्या लेकीला राजाची गोष्ट सांगतो, आणि त्या राजालाही रोज लोकलच्या गर्दीतूनच जावं लागतं. हे गाणं घरी लागलं की वडील उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचे आणि गाणं संपेपर्यंत बाहेर यायचे नाहीत. मग घरात ते लावणंच बंद झालं. कोणी तसं ठरवलं नव्हतं.

तिला मी विचारलं, आता लावशील का? तिचं उत्तर आलं, ‘बाबा मागच्या वर्षी रिटायर झाले. रविवारी विचारते.’

रविवार परवा आहे. पुढच्या भागात सांगतो.