तळलेल्या कोंबडीचे अर्थशास्त्र

कोरियन गुन्हेगारी चित्रपटांची एक विशिष्ट प्रतिमा आपल्याकडील प्रेक्षकांच्या मनात रुजली आहे. २००३ सालचे ‘ओल्डबॉय’ आणि ‘मेमरीज ऑफ मर्डर’ ज्याने पाहिले असतील, तो त्या देशातला पोलीसपट पाहताना मन घट्ट करूनच बसतो. सूड, रक्तपात आणि न उलगडणारे खून यांची त्याने तयारी ठेवलेली असते. अशा प्रेक्षकापुढे ली ब्योंग-हन यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक्स्ट्रीम जॉब’ आला, तर तो प्रथम बुचकळ्यात पडतो आणि मग मनमुराद हसतो. चित्रपट संपल्यावर मनात जे रेंगाळते ते मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

कथानक साधे आहे. अमली पदार्थविरोधी पथकाचा प्रमुख गो हा सचोटीचा पण अपयशी अधिकारी. हाताखालून पुढे गेलेले लोक त्याच्या डोक्यावर बसले आहेत. एका टोळीच्या अड्ड्यावर पाळत ठेवण्यासाठी त्याचे पथक समोरच्या कोंबडीच्या दुकानात ठाण मांडते. गिऱ्हाईक नसल्याने मालक दुकान विकायला काढतो, तेव्हा गो आपल्या निवृत्तीच्या पैशातून तेच विकत घेतो. पथकातील एकाच्या घरी सुवॉन शहरात बरगड्यांच्या मांसाची खानावळ असते. तिथला मसाला तो कोंबडीला लावतो आणि दुकानापुढे रांगा लागतात. गर्दी हटावी म्हणून भाव वाढवावे, तर तेवढ्याने पदार्थाची प्रतिष्ठा वाढून गर्दी आणखीच उसळते! मागणीचा नियम वर्गात शिकवताना जो अपवाद म्हणून सांगितला जातो, त्याचे याहून गमतीदार उदाहरण क्वचितच सापडेल.

पण निवृत्तीचा पैसा आणि कोंबडीचे दुकान ही जोडी दिग्दर्शकाने केवळ गंमत म्हणून जुळवलेली नाही. १९९७ च्या अखेरीस दक्षिण कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. ज्या कंपन्यांत जन्मभराची नोकरी गृहीत धरली जाई, तेथून पन्नाशीच्या आतबाहेरची माणसे घरी पाठवली गेली. तेथील कायद्यानुसार सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साधारण एका महिन्याचे वेतन कामगाराला एकरकमी मिळते. ही रक्कम हाती, मुलांची शिक्षणे अर्धवट आणि दुसरी नोकरी मिळण्याची आशा नाही, अशा माणसाला फारसे कसब न लागणारा, थोड्या भांडवलात उभा राहणारा धंदा म्हणजे कोंबडी तळण्याचा. चित्रपट आला त्या सुमारास देशात अशी ८० हजारांहून अधिक दुकाने होती. सर्वांनी एकच वाट धरल्यावर स्पर्धा जीवघेणी होणार हे उघड आहे. नव्याने उघडणाऱ्यांपेक्षा बंद पडणाऱ्या दुकानांची संख्या तेव्हा अधिक झाली होती. त्यातच किमान वेतन २०१८ मध्ये १६.४ टक्क्यांनी आणि २०१९ मध्ये १०.९ टक्क्यांनी वाढले. नोकरदाराला ती वाढ न्याय्य होती, यात वाद नाही. पण दोन पोरे कामाला ठेवणाऱ्या दुकानदाराचे गणित मात्र तिने विस्कटले.

ऑस्करविजेत्या ‘पॅरासाइट’मधला तळघरात लपलेला माणूसही केकच्या दुकानात बुडालेला कर्जबाजारीच आहे. तेथे ही व्यथा काळीकुट्ट होऊन येते. ‘एक्स्ट्रीम जॉब’मध्ये ती हसत येते, म्हणून समीक्षकांच्या नजरेतून निसटते. प्रेक्षकांच्या नजरेतून ती निसटली नसावी. जानेवारी २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची १ कोटी ६० लाखांहून अधिक तिकिटे खपली. सव्वापाच कोटींच्या आतल्या देशात ही संख्या अचाट आहे. तोवर केवळ २०१४ चा ‘द अ‍ॅडमिरल’ हा ऐतिहासिक चित्रपट त्याच्या पुढे होता.

चित्रपट निर्दोष नाही. उत्तरार्धात हाणामारी लांबते, आणि इतका वेळ धांदरट वाटलेले पोलीस एकेक करून निष्णात लढवय्ये ठरतात, तेव्हा लेखकाने सोपी वाट धरल्याचे जाणवते. टोळी कोंबडीच्या शाखा काढून घरपोच सेवेच्या आडून अमली पदार्थ वाटते, ही कल्पनाही ताणलेली आहे. तरीही शेवटच्या झुंजीत, मार खाऊन रक्तबंबाळ झालेला गो टोळीच्या नायकाला बजावतो, की छोटा दुकानदार आपला धंदा जिवावर उदार होऊन करत असतो. पोलीस असल्याचे त्या क्षणी तो जणू विसरलेलाच असतो.