वाल खायचे की नाही?

बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत ‘जी-सिक्स-पीडी कमतरता’ निघते, आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी येऊन पडते. वाल, पावटा, घेवडा, हरभरे, मूग, सोयाबीन. आता या पोरानं जन्मभर दूधभातच खायचा का, असा प्रश्न आजीला पडला तर नवल नाही. त्या यादीतलं बरंचसं घाबरवणारं आहे, खरं नाही. आणि जे खरोखर सांभाळायला हवं, ते तिच्यात बहुधा तळाशी असतं.

जी-सिक्स-पीडी हे जनुक एक्स गुणसूत्रावर, त्याच्या लांब भुजेच्या टोकाजवळ आहे. एक्स म्हटलं की स्त्री-पुरुष भेदाचाच काहीतरी मामला असणार, असं अनेकांना वाटतं. या गुणसूत्रावर प्रथिनं घडवणारी आठशेहून अधिक जनुकं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा लिंगाशी संबंध नाही. जी-सिक्स-पीडीपासून बनणारं विकर तर शरीरातल्या प्रत्येक पेशीत राबतं. ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यातून पेशीला वाचवणारं एनएडीपीएच नावाचं द्रव्य ते तयार करून देतं. इतर पेशींकडे ते मिळवण्याचे आणखी मार्ग असतात. तांबड्या पेशीत ना केंद्रक, ना मायटोकाँड्रिया. तिची सारी भिस्त या एका विकरावर. म्हणून दोष सगळ्या पेशींत असूनही फुटते ती तांबडी पेशी.

तीही एरवी फुटत नाही. जगात 40 कोटींहून अधिक लोकांमध्ये ही कमतरता आहे आणि त्यांतल्या बहुसंख्यांना तिचा पत्ता आयुष्यभर लागत नाही. जन्मानंतरची कावीळ तेवढी नीट पाहावी लागते. पुढे एखादं औषध, जंतुसंसर्ग किंवा विशिष्ट पदार्थ निमित्त झाला, तर एक-दोन दिवसांत लघवी काळपट होते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. तेव्हा मात्र घरगुती उपाय करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.

आता वालाबद्दल. त्रास देणारी शेंग एकच, उत्तर भारतात जिला बाकला म्हणतात ती. तिच्यातली व्हायसिन आणि कॉन्व्हायसिन ही द्रव्यं तांबड्या पेशींना घातक ठरतात. आपले वाल-पावटे वेगळ्याच वनस्पतीचे. वालाचं बिरडं, मटकीची उसळ, तुरीचं वरण यांच्यावर बंदी घालायला कारण नाही. पॅरासिटामॉलही नेहमीच्या मात्रेत चालतं. ते नाकारून मुलाला तापानं फणफणत ठेवणं हा उलटा अन्याय.

खरी सावधगिरी औषधांत. कमतरतेचा शोधच मुळी एका औषधामुळे लागला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालत (आज कुठलीही नीतिसमिती ते होऊ देणार नाही). प्रायमाक्विन घेतल्यावर काहींच्याच पेशी का फुटतात, याचं उत्तर 1956 साली या विकराच्या अभावात सापडलं. व्हायव्हॅक्स हिवतापात यकृतात दडून बसलेले जंतू मारायला आजही प्रायमाक्विनच देतात. चौदा दिवसांचा तो नेहमीचा क्रम कमतरता असलेल्याला धोक्याचा ठरू शकतो. त्याच्यासाठी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली असा वेगळा क्रम आहे. डॅप्सोन आणि नायट्रोफ्युरँटॉइन ही नावंही घरच्यांना पाठ असावीत. आणि कपाटातल्या डांबरगोळ्या. त्यांच्यातलं नॅप्थॅलीन अशा बाळाच्या पेशी फोडू शकतं, तेव्हा त्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी काढून तशीच बाळाला गुंडाळू नयेत. तान्ह्या बाळाच्या हातापायांवर मेंदी थापल्यानंही असंच झाल्याच्या नोंदी आहेत.

‘हे आफ्रिकेतलं दुखणं’ किंवा ‘हे पारशांचं’ असंही ऐकू येतं. पारशी समाजात प्रमाण जास्त आहे, हे खरं. पण या जनुकाच्या एका बदलाला चक्क कल्याणचं नाव आहे. 1984 साली एका कोळी कुटुंबात सापडलेला ‘जी-सिक्स-पीडी कल्याण’. केरळच्या नावानं नोंदलेला दुसरा प्रकारही त्याच बदलाचा असल्याचं पुढे 1992 मध्ये दिसून आलं. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता, तिथे असे बदल टिकले, कारण त्यांच्यामुळे गंभीर हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं.

सर्वांत चिवट समज बायकांबद्दलचा आहे. ‘मुलींना होत नाही, त्या फक्त पुढे देतात.’ स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निजवलेलं असतं, कोणतं ते पेशीगणिक वेगळं. त्यामुळे सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या स्त्रीच्या रक्तात सशक्त आणि दुबळ्या तांबड्या पेशींची सरमिसळ असते. दुबळ्यांचं पारडं जड झालं की तिलाही पुरुषाइतकाच त्रास होतो. हिशेब करून पाहा: एखाद्या समाजात शंभरांत पाच पुरुषांना कमतरता असेल, तर शंभरांत साधारण साडेनऊ स्त्रियांकडे अशी एक प्रत असते. झटपट ‘आहे-नाही’ सांगणाऱ्या चाचणीत यांतल्या अनेकजणी ‘नॉर्मल’ ठरतात. त्यांच्यासाठी विकराचं प्रमाण मोजणारी चाचणी हवी. मुलाला हे एक्स आईकडूनच येतं म्हणून सुनेच्या माहेराला बोल लावणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की कमतरता असलेला बाप आपली प्रत प्रत्येक मुलीला देतोच.

चाचणीची वेळही फसवते. पेशी फुटण्याचा झटका येऊन गेला की जुन्या पेशी संपलेल्या असतात आणि रक्तात नव्या, विकर भरपूर असलेल्या पेशी उतरतात. अशा वेळी अहवाल खुशाल ‘नॉर्मल’ येतो. शंका असेल तर तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासावं.