पाणवठ्यावरची पौर्णिमा
बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटातील पाणवठ्यांवर, मचाणावर बसून निसर्गप्रेमी जागतात. 1973-74 साली व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झालेल्या या अरण्यात वाघांची मोजदाद आज स्वयंचलित कॅमेरे करतात. मग हे जागरण कशासाठी? वैशाखात नाले आटतात, वन्यजीव उरल्यासुरल्या पाण्याकडे वळतात आणि माणसाला गप्प बसावे लागते. (आपल्या तलावाकाठच्या सहलींत नेमके हेच घडत नाही, तेथे ध्वनिवर्धक आधी पोहोचतो!) एरवी परस्परांस अनोळखी असलेली दोन माणसे एका मचाणावर शिदोरी वाटून खातात, सांबर आले की खुणेनेच एकमेकांस दाखवतात. हे सख्य अमरावती-अकोल्याच्या शिक्षकास, कारकुनास, विद्यार्थ्यासही लाभावे, म्हणून त्यांच्यासाठी काही मचाणे अल्प शुल्कात राखून ठेवणे वनखात्यास अवघड नाही.