खनिज प्रदर्शनातला स्वयंसेवक काय शिकवतो?



खनिज प्रदर्शनात स्वयंसेवक म्हणून उभा राहणारा भूशास्त्राचा चांगला विद्यार्थी दगडाचं नाव आधी सांगत नाही. दगड मुलांच्या हातात देतो. गारगोटी आणि कॅल्साइट, दोन्ही पांढरेच! पण गारगोटीचा कठीणपणा 7, तिचा काचेवर ओरखडा उठतो. कॅल्साइटचा फक्त 3, काचेला काही होत नाही. म्हणजे नुसत्या रंगावर जायचं नाही, तपासून बघायचं.

मग येतो आपल्या महाराष्ट्राचा काळा कातळ, बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, तिथे पोकळ्या राहिल्या. त्यांत पाणी झिरपून पुढे झिओलाइटचे सुंदर स्फटिक वाढले.

आपलं मूल खिशातून दगड आणतं, तेव्हा "फेकून दे" म्हणू नका. "कशावरून ओळखशील?" एवढंच विचारा.