पांढरें अंडें आणि एक दिवा

चित्रकलेचा छंद लागलेल्या मनुष्याची एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. रेखांकन बिनचूक असतें, रंगही उंची असतात, तरी चित्र सपाट दिसतें. थाळींतला आंबा कागदावर चिकटविल्यासारखा वाटतो. मग तो बारकावे वाढवितो, नवे रंग आणतो. दोष मात्र जेथल्या तेथें राहतो, आणि कित्येकजण येथेंच निराश होऊन कुंचला खालीं ठेवतात.

वास्तविक हा दोष हाताचा नसून पाहण्याचा असतो. आंबा पिवळा असतो हें ठाऊक असल्यामुळें सावलींतली बाजूही तसल्याच पिवळ्या रंगानें रंगविली जाते. दिसतें तें बाजूला राहतें आणि ठाऊक असतें तें कागदावर उतरतें.

यावर उपाय अगदीं साधा आहे. पांढऱ्या कागदावर एक पांढरें अंडें ठेवावें, खोलींत अंधार करावा आणि एका बाजूस एकच दिवा लावावा. रंगाचा मोह गेला म्हणजे उजेड आणि आकार एवढेंच उरतें. डोळे किंचित् मिटून पाहिलें असतां दिव्याकडील बाजू उजळ दिसते. पृष्ठभाग वळूं लागतो तेथें मध्यम छटा येते. त्यापुढें गडद छायेचा पट्टा लागतो. परंतु अगदीं कडेशीं छाया पुन्हां थोडी उजळते, कारण खालच्या कागदावरून उजेड परततो. हा परतलेला उजेड प्रकाशित बाजूहून मंदच ठेवावा. तो वाजवीपेक्षां उजळ झाला कीं गोलाई मोडते. कागदावरील पडछाया अंड्याजवळ रेखीव असते व दूर जातां जातां पुसट होते. नवशिके चकाकणाऱ्या ठिपक्यासाठीं धडपडतात. गोलाई खरोखर येते ती मध्यम छटेनें.

असा अभ्यास लहान कागदावर, अर्ध्या तासांत व एकाच रंगांत करावा. दुसऱ्या दिवशीं अंडें तेंच ठेवून दिवा मागें न्यावा, तिसऱ्या दिवशीं वर टांगावा. आकार तोच राहून त्याचें रूप कसें पालटतें हें डोळ्यांना तेव्हां कळूं लागतें.

थोर चित्रकारांनीही ही तपश्चर्या केली आहे. फ्रान्समध्यें जिव्हेर्नी येथें क्लोद मोने यांनीं 1890-91 सालीं आपल्या घराजवळच्या शेतांतील गंजी पुन्हां पुन्हां रंगविल्या. उजेड बदलला कीं ते हातांतला पट बाजूला ठेवून दुसरा घेत. त्यांपैकीं पंधरा चित्रें 1891 सालीं पॅरिसमध्यें मांडलीं गेलीं.

आपल्याकडे सावळाराम हळदणकर यांचें, हातांत दीप घेतलेल्या स्त्रीचें जलरंगांतील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. तेथेंही प्रकाश एकाच ज्योतीचा. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून तो झिरपतो आणि तिचा चेहरा उजळतो. जलरंगांत उजेड मुख्यतः कोऱ्या कागदाच्या पांढरेपणांतून राखावा लागतो. म्हणून कोठें रंग लावावयाचा नाहीं, हें आधींच दिसावें लागतें.

अंड्यावर महिनाभर असा अभ्यास झाल्यावर पुन्हां आंबा समोर ठेवावा. त्याच्या सावलींत आतां तपकिरी, हिरवट, थाळीचा तांबूस असे कितीतरी रंग दिसूं लागतात.